श्वास कापायचा नाही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मेक्सिको सिटीतल्या चाचणीत तुला म्हणाले, 'उच्चार स्वच्छ आहेत, पण वाचल्यासारखं वाटतं.' आणि तू लगेच ठरवून मोकळी झालीस की आवाजाचं काम आपलं नव्हे, भाषा पक्की आहे तर सरळ डबिंगच्या दिग्दर्शनाकडे वळावं. खरं सांगतो, राग आला. तुझं स्पॅनिश चुकलेलं नाही. तू श्वास कापतेस.

पाठवलेला तुकडा ऐकला. बाई जिना चढून येते, दारात थांबते, मग बोलते. तू थेट बोलायला लागलीस. मूळ नटीने बोलण्याआधी घेतलेला श्वास तुझ्या मुद्रणात नाहीच. कारण उघड आहे. इंग्रजी वाक्य स्पॅनिशमध्ये लांबतं, जागा पुरत नाही, मग नवखी माणसं श्वासाच्या जागेत शब्द कोंबतात. ओठ जुळतात, बाई मात्र मरते.

स्टुडिओत जो आंतरराष्ट्रीय ट्रॅक येतो, त्यात संगीत असतं, पावलं, दारं, गाड्या असतात. माणसाच्या तोंडून निघालेलं सहसा काहीच नसतं. धाप, हुंदका, गिळलेला आवंढा, जिन्यावरचं हुश्श, सगळं तुलाच भरायचं. तू सोडलंस तर तिथे भोक पडतं, आणि मिक्सिंगला बसलेल्या माणसाकडे ते बुजवायला काही नसतं.

जागा हवी तर शब्द काप. श्वास कापायचा नाही. स्पॅनिशमध्ये कर्ता गाळता येतो, क्रियापदच सांगतं कोण बोलतंय. 'आय डोन्ट नो' ही उच्चारात तीन अक्षरं. 'यो नो लो से' चार होतात, 'नो लो से' तीन, नुसतं 'नो से' दोन. शिवाय दोन शब्दांमधले स्वर एकमेकांत मिसळतात: 'एस्ता आकी' तोंडातून 'एस्ताकी' असंच निघतं. संहितेतला प्रत्येक स्वर सुटा उच्चारतेस, म्हणून वाचल्यासारखं वाटतं आणि वेळही जातो.

ओठांचंही ऐक. क्लोज-अपमध्ये मूळ नटीचे ओठ म, ब, प वर मिटले की तिथे मिटणारं अक्षर लागतं. पण स्पॅनिशमध्ये लिहिलेला प्रत्येक ब मिटत नाही. 'बेबे'तला पहिला ब मिटतो, दुसऱ्याला ओठ नुसते जवळ येतात. विरामानंतर किंवा 'तांबिएन', 'ओंब्रे' यांतल्यासारखा अनुनासिकानंतर आला तरच तो घट्ट मिटतो. तेव्हा ओठ मिटण्याच्या जागी असा शब्द बसव. आपल्या मराठी तोंडात व आणि ब वेगळे आहेत, तिथे ते एकच. दमलीस की तुझा 'बामोस' परत 'वामोस' होतो, तुकड्याच्या शेवटी स्पष्ट ऐकू येतं.

आता सराव. मेक्सिकोत कामाचे तुकडे लूपमध्ये मोजतात, स्पेनमध्ये टेकमध्ये. स्पेनमधला एक टेक जास्तीत जास्त 10 ओळींचा, एका पात्राच्या सलग 5 ओळी, आणि ओळ 60 अक्षरजागांची. तू तेवढाच तुकडा घे. पहिल्यांदा संहिता उलटी ठेवून नुसतं पाहा. दुसऱ्यांदा पेन्सिलने फक्त श्वास मांड: छोट्या विरामाला एक तिरकी रेघ, मोठ्याला दोन, हसू, हुंदका, धाप यांना आपापल्या खुणा. तिसऱ्यांदा आवाज न काढता त्या नटीबरोबर श्वास घे. चौथ्यांदा बोल. तिसरी फेरी सगळे गाळतात. तू गाळू नकोस.

माइकपासून दीड वीत लांब, कुजबुजताना जवळ, ओरडताना एक पाऊल मागे आणि तोंड किंचित तिरपं. बांगड्या काढून ठेव, सळसळणारं जाकीट नको. उपाशी जाऊ नकोस, पोटातली गुरगुरही माइक टिपतो. तोंड चिकचिक करायला लागलं तर आंबट सफरचंदाची फोड चाव.

तटस्थ स्पॅनिशची तुला फार धास्ती आहे. कशाला? अख्ख्या लॅटिन अमेरिकेला चालेल अशी भाषा: एकाला 'तू' आणि अनेकांना 'उस्तेदेस' चालतं, 'तू'ऐवजी अर्जेंटिनाचं 'बोस' किंवा 'उस्तेदेस'ऐवजी स्पेनचं 'बोसोत्रोस' नाही. स्पेनमध्ये 'घेणे' या साध्या अर्थाने वापरलं जाणारं 'कोखेर' मेक्सिकोत अश्लील, तिथे 'तोमार' म्हण. अर्जेंटिनात तर दूरचित्रवाणीच्या डबिंगसाठी तटस्थ स्पॅनिशचा कायदाच 1986 मध्ये झाला. हे यादी करून पाठ होतं. श्वास यादीने पाठ होत नाही.

आणि दिग्दर्शन. आता बहुतेक नट एकेकटे मुद्रण करतात, समोरच्याचं वाक्य कानात येईलच असं नाही. दिग्दर्शकाने सांगायचं असतं की समोरचा दोन पावलांवर आहे की अंगणापलीकडे, आत्ता काय घडून गेलंय, तू धावत आलीस की झोपेतून उठलीस. थोडक्यात, श्वास कुठून आणायचा हे. स्वतः माइकसमोर उभं न राहिलेला माणूस 'थोडं अजून भावनेने' एवढंच म्हणू शकतो, आणि नट बिचारा आवाज चढवतो. मेक्सिकोचे फ्रान्सिस्को कोल्मेनेरो 'लायन किंग'च्या स्पॅनिश डबिंगमध्ये पुम्बाचा आवाजही होते आणि डबिंगचे दिग्दर्शकही. दोन्ही कामं एकाच फुप्फुसातून येतात. खुर्चीत बसशीलच एक दिवस. तेव्हा आरडाओरड्याचे लूप सत्राच्या शेवटी ठेव, नाहीतर घसा बसतो आणि हळुवार प्रसंग खरखरतात.

मला हट्टी म्हणतात. एका श्वासासाठी पाचव्यांदा लूप करायला लावला की कोणीतरी घड्याळ दाखवतंच. दाखवू दे. शब्दांना धार लावण्यात सुरुवातीची बरीच वर्षं गेली, ती कामं आज मला ऐकवत नाहीत. तुझी तशी जाऊ नयेत एवढंच वाटतं, म्हणून तेच तेच लिहितोय.

करारावर सही करण्याआधी तुझा आवाज यंत्राला शिकवायला वापरण्याचं कलम आहे का बघ, असेल तर खोडायला सांग.

पुढच्या रविवारपर्यंत तोच जिन्याचा तुकडा पुन्हा पाठव, पण शब्दांशिवाय. फक्त चढणं, थांबणं आणि दारातला तो श्वास. शब्दांचं त्यानंतरच्या आठवड्यात बघू.

तुझा
काका