चौकशी समितीत प्रतिस्पर्धीच बसला असेल तर?

प्रश्न : माझ्या शोधनिबंधातील दोन प्रतिमांमध्ये फेरफार असल्याची निनावी तक्रार संस्थेकडे आली आहे. तिची प्रत मला मिळालेली नाही. समितीतील एक सदस्य याच विषयात माझे प्रतिस्पर्धी आहेत. सर्व प्रयोगवह्या तीन दिवसांत जमा करण्याचा तोंडी आदेश आहे. मी काय करावे?

उत्तर : वह्या अवश्य द्या, मात्र आदेश लेखी मागा, जमा केलेल्या प्रत्येक वहीची आणि फाइलची यादी करून तिच्यावर पोच घ्या आणि स्वतःसाठी प्रती ठेवा. खरे तर मूळ नोंदी संस्थेने तक्रारीची कल्पना देतानाच ताब्यात घ्यायला हव्या होत्या; मुदत देऊन तिने आपल्यावर नव्या संशयाला जागा करून ठेवली आहे. म्हणून या तीन दिवसांत एकही फाइल पुसू नका किंवा ‘नीटनेटकी’ करू नका. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार तक्रार कळल्यानंतर जाणूनबुजून नष्ट केलेल्या नोंदी हा गैरवर्तनाचाच पुरावा ठरतो.

तक्रारदाराच्या नावासाठी अडून बसू नका. प्रतिमा सदोष असतील तर त्या कोणी दाखवल्या याने फरक पडत नाही. आरोप नेमका कोणत्या प्रतिमेवर आणि काय आहे, हे मात्र आपल्याला लेखी कळलेच पाहिजे, कारण त्याशिवाय दिलेला खुलासा अंधारात मारलेला दगड ठरतो.

प्रतिस्पर्धी सदस्याबद्दलचा आक्षेप कारणांसह आजच नोंदवा. निकाल विरुद्ध गेल्यावर घेतलेला आक्षेप पश्चातबुद्धी मानला जातो, आणि आधीचे मौन ही संमती समजली जाण्याचा धोका असतो.

प्राथमिक छाननीत केवळ पुढील चौकशीस आधार आहे का, एवढेच पाहायचे असते. तिथे दोषी ठरवता येत नाही. सविस्तर चौकशीत सिद्धतेचा भार संस्थेवर असतो. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा तिला लागत नसला, तरी कृती हेतुपुरस्सर, जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने झाली हे तिला दाखवावे लागते. प्रामाणिक चूक गैरवर्तनात मोडत नाही, आणि चुकीची प्रतिमा अनवधानाने जोडली गेली असेल, तर ते आपल्या मूळ फाइलींवरूनच सिद्ध होईल.

प्रतिरक्षाशास्त्रज्ञ थेरेझा इमानिशी-कारी यांना अमेरिकेतील संशोधन-सचोटी कार्यालयाने 1994 मध्ये संशोधनातील गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवले होते; 1996 मध्ये अपील मंडळाने त्यांना सर्व आरोपांतून मुक्त केले. अपिलात साक्षीदारांची उलटतपासणी झाली आणि पुरावा नव्याने तपासला गेला. आपण ही संधी पहिल्याच टप्प्यावर मागा, आणि अंतिम अहवालापूर्वी मसुद्यावर लेखी म्हणणे मांडण्याची मुदतही त्याच पत्रात मागा.