वाचकांचे प्रश्न : मेक्सिकोतील जुन्या शहरात राहून स्पॅनिश शिकताना

प्रश्न : मी बेळगावात एका खासगी कंपनीत नोकरी करते. स्पॅनिशच्या पहिल्या दोन पायऱ्या ऑनलाइन वर्गांतून पूर्ण झाल्या आहेत. आता दोन महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन मेक्सिकोत, स्पॅनिश राजवटीत वसलेल्या एखाद्या जुन्या शहरात राहून भाषा पक्की करावी असा विचार आहे. सान मिगेल दे आयेंदे हे शहर सर्वांत सोयीचे, असे अनेक जण सांगतात. आपले मत काय?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : सान मिगेल अतिशय देखणे शहर आहे आणि २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जाही दिला. भाषा शिकण्यासाठी मात्र मी ते पहिल्या क्रमांकावर ठेवणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक अमेरिकन माजी सैनिक सरकारी शिष्यवृत्तीवर तेथे चित्रकला शिकायला आले, त्यांच्यामागून इतर आले, आणि आज अमेरिका व कॅनडातून येऊन स्थायिक झालेल्यांची तेथे मोठी वस्ती आहे. त्यामुळे कॉफीच्या दुकानात आपण स्पॅनिश वाक्य जुळवत असतानाच समोरून इंग्रजीत उत्तर येते. बेळगावच्या बाजारात परगावचा माणूस अडखळत कन्नड बोलू लागला की दुकानदार त्याची सोय म्हणून हिंदीत वळतो आणि त्याची कन्नड तेथेच थांबते, तसाच हा प्रकार आहे.

माझी शिफारस त्याच राज्याच्या राजधानीची, म्हणजे ग्वानाह्वातो शहराची आहे. ते विद्यापीठाचे गाव असल्यामुळे रस्त्यांवर, चौकांत, खानावळींत स्थानिक विद्यार्थ्यांचीच गर्दी असते, आणि ज्यांच्याशी रोज बोलता येईल असे समवयस्क सहज भेटतात. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्पॅनिशचे वर्ग चालतात. शिवाय लहान खासगी शाळा आहेत, जेथे आठवड्याच्या हिशोबाने प्रवेश मिळतो. कोणत्याही शाळेत पैसे भरण्यापूर्वी एका वर्गात किती जण असतात आणि शिक्षक वर्गात इंग्रजीचा आधार घेतात का, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

हे शहर चांदीवर उभे राहिले. सोळाव्या शतकाच्या मध्यास येथील डोंगरांत चांदी सापडली, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरावरच्या टेकडीवरील ला व्हालेन्सियाना ही खाण जगातील सर्वाधिक चांदी देणाऱ्या खाणींपैकी एक होती. तिच्या शेजारी १७८८ साली पूर्ण झालेले सान कायेतानो चर्च आजही त्या संपत्तीची साक्ष देते. मेक्सिकोची चांदी आकापुल्को बंदरातून फिलिपिन्समधील मनिलाकडे आणि स्पेनमार्गे युरोपकडे जाई. तिच्यातला काही भाग व्यापाऱ्यांच्या हातून सुरतेलाही पोहोचत असे आणि तेथील टांकसाळीत वितळवून त्याचे मोगल रुपये पाडले जात. आपल्या इतिहासाशी असलेला हा धागा मनात ठेवून ते शहर पाहावे, असे मला मनापासून वाटते.

शहराच्या मध्यभागी आलोंदिगा दे ग्रानादितास ही धान्यकोठाराची भक्कम इमारत आहे. १६ सप्टेंबर १८१० रोजी दोलोरेस गावच्या मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठावाची हाक दिली आणि २८ सप्टेंबरला त्याच्या लोकांनी हे कोठार जिंकले. पाठीवर दगडी फरशी बांधून गोळ्यांच्या वर्षावात दरवाजापर्यंत सरपटत जाऊन तो पेटवून देणाऱ्या पिपिला नावाच्या खाणकामगाराची कथा तेथील प्रत्येक मूल सांगते. तिच्यात आख्यायिकेचा भाग किती, हा वेगळा विषय. पुढच्याच वर्षी उठाव चिरडला गेला, आणि इदाल्गो, आयेंदे, आल्दामा व हिमेनेस या चौघांची शिरे या इमारतीच्या चार कोपऱ्यांवर पिंजऱ्यांत टांगली गेली. ती १८२१ पर्यंत तशीच होती. आज तेथे संग्रहालय आहे. भूतकाळाची दोन रूपे वर्गात शिकून झाली की आपल्या शिक्षकांना हीच गोष्ट सांगायला लावावी आणि दुसऱ्या दिवशी ती आपण त्यांना सांगावी. व्याकरणाचा इतका चांगला सराव पाठ्यपुस्तकात होणार नाही.

राहण्याची सोय शक्यतो एखाद्या कुटुंबात करावी. वर्गात जे शिकतो त्याची खरी परीक्षा जेवणाच्या टेबलावर होते, कारण तेथे कोणी आपल्यासाठी सावकाश बोलत नाही. सकाळी वर्ग, दुपारी इदाल्गो बाजारात खरेदी, संध्याकाळी चौकात गप्पा, असा दिवस ठेवता येईल. रात्री जुन्या स्पॅनिश पोशाखातील विद्यार्थ्यांचे गायकवृंद गल्ल्यांमधून गात फिरतात व श्रोते त्यांच्यामागून चालतात. त्यांच्या विनोदांवर वेळेवर हसू आले की आपली भाषा पुढे सरकली असे समजावे.

ऑक्टोबर महिना मात्र टाळावा किंवा निवासाची व्यवस्था फार आधी करावी. १९७२ पासून भरणारा आंतरराष्ट्रीय सेर्व्हान्तिनो महोत्सव त्या महिन्यात असतो. १९५३ पासून विद्यापीठातील विद्यार्थी सान रोके चौकात सेर्व्हान्तेस या थोर स्पॅनिश लेखकाच्या छोट्या नाटिका करीत आले, त्यातून तो वाढला. नाटक-संगीतासाठी जाणाऱ्याला तो पर्वणी आहे, अभ्यासासाठी जाणाऱ्याला गर्दीचा.

सुरक्षिततेबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगणे माझे कर्तव्य आहे. ग्वानाह्वातो राज्याच्या औद्योगिक पट्ट्यात, विशेषतः सेलाया, सालामांका या भागांत, गुन्हेगारी टोळ्यांचा हिंसाचार गंभीर आहे. राजधानीचा जुना भाग त्या मानाने शांत असला, तरी शहराबाहेरचा प्रवास दिवसा आणि चांगल्या कंपनीच्या बसनेच करावा, आणि कोठे जात आहोत हे घरच्या मंडळींना सांगून ठेवावे.

ग्वानाह्वातोत जागा मिळाली नाही, तर दक्षिण मेक्सिकोतील वाहाका शहराचा विचार करावा. तेथील बाजारांत स्पॅनिशबरोबर झापोतेक आणि मिश्तेक भाषाही कानावर पडतात. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि रस्त्यावर कोकणी-हिंदी ऐकत वाढलेल्या आपल्या भागातील माणसाला ते शहर परके वाटणार नाही.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत असते. तिच्याकडे गेल्यावर आम्ही उभयता तिच्यासोबत तीन आठवडे मेक्सिकोतील अशा शहरात राहू इच्छितो. आम्ही शाकाहारी आहोत. व्हिसा वेगळा लागेल का, आणि जेवणाचे कसे?
– एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : सर, आपल्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यास पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मुक्कामाची कमाल मर्यादा १८० दिवसांची आहे, परंतु नेमके किती दिवस द्यायचे हे विमानतळावरील अधिकारी ठरवतात, म्हणून परतीचे तिकीट आणि निवासाचा कागद हाताशी ठेवावा. या मर्यादेतील छोट्या भाषावर्गासाठी विद्यार्थी व्हिसाचीही गरज पडत नाही. नियम बदलू शकतात. निघण्यापूर्वी दिल्लीतील मेक्सिकन दूतावासाची माहिती पाहून खात्री करावी. हीच माहिती टिळकवाडीच्या भगिनींनाही उपयोगी पडेल. त्यांच्याकडे असा कोणताच व्हिसा नसेल तर त्यांना मेक्सिकोचा व्हिसा घ्यावा लागेल, आणि अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, म्हणून त्यांनी युरोपमार्गे तिकीट पाहावे.

जेवणाची चिंता थोडी आहे, पण ती निभावता येते. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून केलेल्या तोर्तिया, घेवड्याच्या बियांची उसळ, निवडुंगाच्या पानांची भाजी, भोपळ्याची फुले, चीज आणि नाना प्रकारच्या मिरच्या हा तेथील रोजचा आहार आहे. ग्वानाह्वातोच्या खाणकामगारांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एन्चिलादास मिनेरास या पदार्थात बटाटा, गाजर व चीज असते. मात्र उसळीत बहुधा डुकराची चरबी घालतात, तिला मान्तेका म्हणतात, आणि भात अनेकदा कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असतो. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मान्तेका आणि रस्सा या दोहोंविषयी नाव घेऊन विचारावे. तिखटाची भीती आपल्या भागातल्यांना नसावी. आपली संकेश्वरी मिरची ज्या मिरचीची वंशज आहे ती पोर्तुगिजांबरोबर अमेरिका खंडातूनच भारतात आली.

नळाचे पाणी पिऊ नये. ग्वानाह्वातो शहर सुमारे २,००० मीटर उंचीवर असून गल्ल्या चढ-उताराच्या आणि पायऱ्यांच्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असल्यास घर दरीच्या तळाशी, मुख्य चौकाजवळ घ्यावे. जून ते सप्टेंबर पावसाचे दिवस असतात. हिवाळ्यात रात्री स्वेटर लागतो.

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून इंग्रजी बेताचे आहे. स्पॅनिशची पुस्तके इंग्रजीतून असतात. मला ती भाषा जमेल का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, खानापूर

उत्तर : निश्चित जमेल, आणि काही बाबतींत इंग्रजी भाषिकांपेक्षा लवकर जमेल. स्पॅनिशमधील त, द, प, क हे उच्चार आपल्या त, द, प, क यांसारखेच आहेत. इंग्रजी भाषिकांना जिभेची सवय बदलावी लागते, आपल्याला नाही. नामाला लिंग असते आणि विशेषण त्याप्रमाणे बदलते, हे ‘पांढरा घोडा, पांढरी गाय’ म्हणणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. उलट तेथे लिंगे दोनच आहेत. ‘मला पुस्तके आवडतात’ या वाक्यात क्रियापद पुस्तकांप्रमाणे चालते, आणि स्पॅनिशमध्येही नेमके तसेच आहे. ‘मी जात असे’ आणि ‘मी गेलो’ यांतला फरक जाणणाऱ्याला तेथील दोन भूतकाळ अर्धे कळलेलेच असतात. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ यातील ‘यावे’ जे काम करते, त्यासाठी स्पॅनिशमध्ये क्रियापदाचे वेगळे रूप आहे. ते पाठ करावे लागेल, पण त्याचे प्रयोजन आपल्याला आधीच ठाऊक आहे.

दोन ठिकाणी मराठीची सवय आड येईल. ‘त्याने पोळी खाल्ली’ यात आपले क्रियापद पोळीमागे जाते. स्पॅनिशमध्ये ते नेहमी खाणाऱ्यामागेच जाते. आणि ‘आहे’ या एका क्रियापदासाठी तेथे दोन आहेत, एक स्वभावासाठी व ओळखीसाठी, दुसरे स्थितीसाठी व ठिकाणासाठी. त्यांच्यासाठी वेगळी वही घालावी आणि रोज दहा वाक्ये लिहावीत.

ऑनलाइन शिक्षक निवडताना मेक्सिकोतील असल्यास उत्तम, मात्र तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते, म्हणून त्यांच्या संध्याकाळचा तास आपल्या पहाटे किंवा सकाळी येतो. कॉलेजला जाण्यापूर्वीची ती वेळ आपल्याला सोयीची पडेल. पुढे नोकरीसाठी प्रमाणपत्र हवे असल्यास स्पेन सरकारच्या सेर्व्हान्तेस संस्थेच्या देले या स्पॅनिशच्या परीक्षेची तयारी करावी. त्या संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत आहे. पहिल्या पायरीच्या परीक्षेला बसण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही.