पांढरी गाठ, पण चरबी सापडेना

प्रश्न: आईची (वय ५२) पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, तर उजव्या किडनीत २.२ सेंमीची पांढरी गाठ निघाली. रिपोर्टात 'अँजिओमायोलायपोमा, साधी गाठ' असं होतं. सीटी स्कॅन केल्यावर मात्र 'चरबी दिसत नाही, कॅन्सर नाकारता येत नाही'. एक डॉक्टर लगेच किडनी काढा म्हणतात. खरं काय मानायचं?
— एक वाचक, कराड

उत्तर: ताई, निर्णय अजून झालेलाच नाही, एवढंच खरं.

अँजिओमायोलायपोमाच्या गाठीत रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची खिचडी असते. सीटीत पाण्याची घनता शून्य धरतात. गाठीत उणे १० किंवा त्याखालचा आकडा आला, म्हणजे चरबी आहे; मग आम्ही बहुतेक वेळा निर्धास्त होतो. पण शंभरात पाचेक गाठींत चरबी इतकी थोडी, की ती स्कॅनला दिसतच नाही. सोनोग्राफीतल्या पांढऱ्या रंगावरही विसंबू नका, छोटा कॅन्सरही कधीकधी तसाच पांढरा दिसतो.

असा पेशंट आला की मी रिपोर्ट बाजूला ठेवून सीडी मागतो. सीटीसाठी शिरेतून औषधाचं इंजेक्शन देतात, त्याच्या आधीचं स्कॅन आहे का? स्कॅनमधल्या चित्रांचे काप किती जाडीचे? औषध चढलं की चिमूटभर चरबी त्यात लपते, आणि जाड कापात ती शेजारच्या मांसात मिसळून जाते. मागे एका बाईंचे काप ५ मिमीचे होते. इंजेक्शनशिवायचं साधं स्कॅन दीड मिमीच्या कापांनी पुन्हा केलं, तर गाठीच्या कडेला तिळाएवढी चरबी! त्यांचं ऑपरेशन टळलं.

आईच्या गाठीत तशीही चरबी मिळाली नाही, तर एमआरआय. तिथे कमी चरबीची गाठ एका प्रकारच्या चित्रांत काळी दिसते. पंचाईत अशी की एका जातीचा कॅन्सरही तसाच काळा. मग सुईने तुकडा घेऊन तपासायचा. 'सुई लावली की पसरतं' ही भीती आमच्याकडे घरोघरी आहे, पण किडनीच्या बाबतीत तसं फारच क्वचित होतं.

एवढ्या लहान गाठीसाठी तपासण्यांचे दोन-तीन आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही. आणि शेवटी ऑपरेशन ठरलंच, तर अख्खी किडनी कशाला, नुसती गाठ काढता येईल का, हे सर्जनना स्पष्ट विचारा. दुसरं मत घ्यायला जाताना फिल्म नव्हे, सीडी न्या; फिल्मवर आकडे मोजता येत नाहीत.