चार बाइटच्या सूचनेने अख्खा पेन्टियम संगणक हँग कसा होतो?

आपण निपाणीहून विचारले आहे की, तंबाखूच्या वखारीत हिशेबासाठी ठेवलेला, लिनक्सवर चालणारा जुना पेन्टियम संगणक अधूनमधून हँग होतो. तर कोणतेही विशेष अधिकार नसलेला साधा प्रोग्राम संपूर्ण यंत्र थांबवू शकेल असा दोष प्रोसेसरमध्येच असू शकतो का, आणि असल्यास प्रोसेसर न बदलता तो आवरता येतो का? बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत असे जुने संगणक चालते ठेवणे हेच माझे काम असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

असा दोष खरोखर होता. तो नोव्हेंबर १९९७ मध्ये उघडकीस आला आणि तो जागा करणाऱ्या चार बाइटांच्या सूचनेच्या, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या आज्ञेच्या, पहिल्या दोन बाइटांवरून त्याला ‘एफ-शून्य-शून्य-एफ’ दोष म्हणतात. इंटेलचे मूळ पेन्टियम आणि पेन्टियम एमएमएक्स हे प्रोसेसर त्यात सापडले. पेन्टियम प्रो आणि पेन्टियम-२ यांत तो नव्हता. १९९४ मध्ये गाजलेला पेन्टियमचा भागाकाराचा दोष मात्र वेगळा. त्यात काही ठरावीक संख्यांचे उत्तर किंचित चुकत असे, यंत्र थांबत नसे.

साध्या प्रोग्रामला यंत्र थांबवता येऊ नये, ही व्यवस्था प्रोसेसरच सांभाळत असतो. प्रोसेसर थांबवण्याची किंवा इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) बंद करण्याची सूचना अशा प्रोग्रामने दिली, तर प्रोसेसर ती नाकारून ऑपरेटिंग सिस्टिमला बोलावतो. प्रोग्राम अनंत फेऱ्यांत अडकला, तरी घड्याळाचा इंटरप्ट येऊन ताबा परत मिळतो. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळा अधिकार प्रोसेसर तिला हाक मारतो यावरच उभा आहे, आणि या दोषात नेमकी ती हाकच अर्ध्या वाटेत अडकते.

ती सूचना मेमरीतील आठ बाइट ताडून पाहून बदलण्यासाठी आहे. तिला मेमरीऐवजी रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी साठवणजागा, दिले तर ती अवैध ठरते आणि प्रोसेसरने सहाव्या क्रमांकाचे, म्हणजे अवैध सूचनेचे, एक्सेप्शन (चूक झाल्याची ऑपरेटिंग सिस्टिमला दिलेली हाक) उठवायला हवे. परंतु याच अवैध सूचनेच्या आधी ‘लॉक’ हा, मेमरी तेवढ्यापुरती कुलूपबंद ठेवणारा, उपसर्ग लावला की पेन्टियम गोंधळतो. एक्सेप्शन हाताळणाऱ्या भागाचा पत्ता तो एका तक्त्यातून वाचतो, आणि हे वाचन तो चुकून कुलूपबंद पद्धतीने करतो. कुलूपबंद वाचनानंतर कुलूपबंद लेखन व्हायलाच हवे, आणि ते होईपर्यंत प्रोसेसर मेमरीशी दुसरा कोणताही व्यवहार होऊ देत नाही. येथे लेखन कधीच होणार नसते. टिळकवाडीचे रेल्वे गेट गाडीसाठी पाडावे, गाडी मात्र निघालेलीच नसावी आणि ती गेल्याशिवाय गेट उघडायचे नाही असा नियम असावा, तशी ही अवस्था आहे. घड्याळाचा इंटरप्टही मग उपयोगी पडत नाही, कारण तो हाताळण्यासाठीसुद्धा मेमरीच वाचावी लागते. रीसेट करणे एवढाच उपाय उरतो. प्रोसेसरला इजा होत नाही, पण न साठवलेले काम जाते. अचानक वीज गेल्यावर होते तसेच नुकसान.

आता दुरुस्तीकडे वळतो, कारण मला या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो. त्या पेन्टियममध्ये मायक्रोकोड, म्हणजे सूचना कशा पार पाडायच्या हे ठरवणारा प्रोसेसरच्या आतला कोड, नंतर बदलण्याची सोय नव्हती, त्यामुळे सगळा भार ऑपरेटिंग सिस्टिमवर आला. एक्सेप्शनच्या तक्त्यात प्रत्येक नोंद आठ बाइटांची असते. हा तक्ता मेमरीत अशा रीतीने सरकवला गेला की शून्य ते सहा या सात नोंदी, म्हणजे ५६ बाइट, एका पानाच्या (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याच्या) अगदी शेवटी याव्यात आणि बाकीच्या पुढच्या पानावर जाव्यात. मग पहिले पान ‘मेमरीत उपस्थित नाही’ असे नोंदवले. आता ती घातक सूचना आली की प्रोसेसर सहावी नोंद वाचायला निघतो, पान नाही असे त्याला दिसते, आणि कुलूप लागण्याआधीच चौदाव्या क्रमांकाचे पेज-फॉल्ट एक्सेप्शन उठते, ज्याची नोंद पुढच्या पानावर सुखरूप असते. तेथील हाताळणारा भाग पत्ता तपासतो, मूळ कारण ओळखतो आणि फक्त त्या एका प्रोग्रामला बंद करतो. दोष चिपमध्ये तसाच राहतो. प्रोसेसर त्या जागेपर्यंत पोहोचणार नाही एवढीच काळजी घेतलेली असते. लिनक्समध्ये ही दुरुस्ती दोष कळल्यानंतर काही दिवसांतच आली.

हा प्रकार पेन्टियमबरोबर संपला असेही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलच्या संशोधकांनी इंटेलच्या अनेक नव्या प्रोसेसरांतील ‘रेप्टार’ नावाचा दोष जाहीर केला. त्यात एका सूचनेला अनावश्यक उपसर्ग जोडल्याने आभासी यंत्रातील (खऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकातील) प्रोग्राम खालचे मूळ यंत्रच कोसळवू शकत होता. या वेळी इंटेलला मायक्रोकोड बदलून तो दुरुस्त करता आला. असे दोष खरे घातक ठरतात ते अनेकांच्या सामाईक यंत्रांवर, मग ती कॉलेजची लॅब असो वा भाड्याने दिलेला सर्व्हर, कारण तेथे एकाच्या प्रोग्रामने इतर सर्वांचे काम बुडते.

आपल्या यंत्रापुरते सांगायचे तर ‘प्रॉक’ डिरेक्टरीतील ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल उघडून त्यात ‘एफ००एफ_बग’ ही ओळ पाहावी. तेथे ‘येस’ दिसले तर प्रोसेसर दोषी आहे, मात्र कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, त्याला आवर घातलेला नाही असा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय ती अवैध सूचना कोणताही कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या सूचनांत बदलणारे सॉफ्टवेअर) आपणहून तयार करत नाही, कोणीतरी ती मुद्दाम लिहावी लागते, त्यामुळे हिशेबाच्या प्रोग्राममुळे हे घडत असण्याची शक्यता मला जवळजवळ शून्य वाटते. वखारीतील तंबाखूच्या धुळीने पंखा जड झाला आहे का, मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगले आहेत का, रॅम सॉकेटमध्ये नीट बसली आहे का आणि पॉवर सप्लायचे व्होल्टेज उतरते का, हे आधी तपासावे. आणि हे करण्यापूर्वी हिशेबाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या यंत्रावर आजच काढून ठेवावी.