विहिरीतील ब्लीचिंग पावडर

प्रश्न : पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर थेट टाकावी की कालवून?

उत्तर : कालवूनच. 1000 लिटर पाण्यास साधारण 2.5 ग्रॅम पावडर घेऊन आधी तिची पातळ पेस्ट करावी, मग बादलीत पाणी वाढवून दहा मिनिटे ठेवावे. तळाशी पांढरा चुना बसला की वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळावे. तो चुना विहिरीत मुळीच ओतू नये, त्याने पाणी जड होते. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू नये. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो, पण उघड्या, दमट पोत्यात तो उडून जातो. म्हणून पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.