बँकेच्या लिलावातलं बंद घर घ्यावं का, आणि दुरुस्तीसकट त्याचे पैसे कसे जुळवावे?

ताई, तुम्ही लिहिलंय की भुसावळला भाड्याने राहता. जळगावात पाच वर्षं कुलूप लागलेलं एक रो-हाऊस बँकेने लिलावाला काढलंय. राखीव किंमत १६ लाख, तुमच्या हाताशी ७ लाख, बाकीचं कर्ज काढायचं आणि दुरुस्ती करून राहायला जायचं, असा तुमचा विचार आहे.

जरूर घ्या. पण दोन गोष्टी कागदावर हाती आल्याशिवाय बोली लावू नका. एक, घराचा प्रत्यक्ष ताबा बँकेकडे आहे. दोन, ह्याच घरावर तुम्हाला कर्ज मंजूर झालंय. घर किती स्वस्त आहे हा प्रश्न त्यानंतरचा. मी जळगाव-धुळे पट्ट्यात घरदुरुस्तीची कामं घेतो आणि लिलावात घेतलेली बरीच घरं माझ्या हाताखालून गेली आहेत. ज्या कुटुंबांची दमछाक झाली, त्यांची घर महाग पडलं म्हणून झाली नाही. पैसे भरून झाले आणि किल्ली मिळेना, किंवा किल्ली मिळाली आणि दुरुस्तीला पैसाच उरला नाही, अशी ती झाली.

आधी किल्लीचं बोलू. बँक ही विक्री २००२ च्या सरफेसी कायद्याने करते, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण घर कोर्टात न जाता विकायचा अधिकार देणाऱ्या कायद्याने. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं बुडीत वर्गात जातं, मग कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. ह्यातला ‘ताबा’ दोन प्रकारचा असतो. प्रतीकात्मक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली, वर्तमानपत्रात जाहिरात दिली, पण आत जुना मालक किंवा त्याचा भाडेकरू राहतोच आहे. प्रत्यक्ष ताबा म्हणजे कुलूप बँकेचं. लिलावाच्या नोटिशीत हे लिहिलेलं असतं. प्रतीकात्मक असेल तर खरा ताबा घ्यायला बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १४ खाली अर्ज करावा लागतो. आदेश ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत व्हावा असं कायदा सांगतो. पण आदेशानंतरही तहसील कार्यालयाची तारीख आणि पोलीस बंदोबस्त जुळावा लागतो. तेवढा काळ तुमचा हप्ताही चालू आणि भुसावळचं भाडंही चालू. म्हणून घरात माणूस राहत असेल, तर स्वस्तातलं स्वस्त असलं तरी पगारदार कुटुंबाने ते सोडून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या बाबतीत घर बंद आहे, ही जमेची बाजू. पण कुलूप कोणाचं आहे ते विचारा. पाच वर्षं बंद घराला जुन्या मालकाचंच कुलूप असू शकतं. बँकेचा अधिकृत अधिकारी घर दाखवायची तारीख देतो, त्या दिवशी तो स्वतः दार उघडतो का ते बघा. उघडता येत नसेल तर काय ते समजून जा.

आता पैशाचं वेळापत्रक, इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. बोलीत भाग घ्यायला बयाणा भरावा लागतो, बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के. बोली तुमच्या नावावर सुटली की बयाणा धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायची. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पुढे जात नाही. नाही भरता आले तर भरलेले २५ टक्के जप्त. ‘कर्ज वेळेवर मिळालं नाही’ ही सबब चालत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी पूर्ण २५ टक्क्यांची जप्ती योग्य ठरवली आहे.

१५ दिवसांत नवं गृहकर्ज मंजूर होऊन पैसे पोचणं अवघड आहे. वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी), मूल्यांकन, कागदपत्रं ह्यातच आठवडे जातात. त्यात मूळ दस्त लिलाव करणाऱ्या बँकेकडे अडकलेले असतात आणि विक्री प्रमाणपत्र पूर्ण रक्कम भरल्यावरच मिळतं. म्हणजे तुमच्या बँकेला घर तारण यायच्या आधीच पैसे सोडावे लागतात. म्हणून पहिल्यांदा लिलाव करणाऱ्या बँकेलाच कर्जाचं विचारा, कागद त्यांच्याकडेच आहेत. दुसऱ्या बँकेकडून घ्यायचं असेल तर लिलावाची नोटीस निघाल्या दिवसापासून कामाला लागा. पहिल्या लिलावाला नोटिशीपासून निदान ३० दिवस मिळतात, तो फसून पुन्हा लिलाव लागला तर १५. तुमच्या पगारावर ‘इतकं कर्ज बसतं’ असं नुसतं तत्त्वतः मंजुरीचं पत्र मिळालं म्हणून निश्चिंत होऊ नका. ह्या मिळकतीचा सर्च आणि मूल्यांकन होऊन निघालेलं मंजुरीपत्र हवं.

तुमच्याच आकड्यांवर एक हिशेब मांडतो. बोली १७ लाखांवर सुटली असं धरू. २५ टक्के म्हणजे ४ लाख २५ हजार तुमच्या खिशातून. उरले १२ लाख ७५ हजार. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, पण ती कमाल मर्यादा आहे. भिंतीला तडे आणि छताला ओल दिसली की मूल्यांकन करणारा हात आखडता घेतो. त्याने १५ लाख धरले आणि बँकेने ८० टक्के दिले तर कर्ज १२ लाख. वरचे ७५ हजार पुन्हा तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून ७ टक्के धरा, म्हणजे १ लाख १९ हजार. हा खर्च १० लाखांवरच्या घराला कर्जात धरत नाहीत. झाले ६ लाख १९ हजार. दुरुस्तीला उरले जेमतेम ८१ हजार. पाच वर्षं बंद असलेल्या रो-हाऊसला एवढ्यात नवं वायरिंग आणि नळकाम झालं तरी पुष्कळ.

त्यामुळे बोलीची वरची मर्यादा दुरुस्तीचे पैसे बाजूला काढून मग ठरवा. दुरुस्तीसाठी बँका वेगळं कर्ज देतात. इंजिनीअरच्या सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक द्यावं लागतं आणि काम जसं पुढे सरकेल तसे टप्प्याने पैसे सुटतात. खरेदीचं कर्ज मागतानाच दुरुस्तीचंही त्याच अर्जात बसतं का ते विचारा. काही बँका बसवून देतात, आणि मग मंजुरीला एकच फेरा पुरतो. क्रेडिट कार्डावर किंवा वैयक्तिक कर्जावर स्लॅब दुरुस्त करू नका. त्या व्याजात घराची सगळी स्वस्ताई निघून जाते.

घर बघायला जाताना ओळखीचा मिस्त्री नाहीतर सिव्हिल इंजिनीअर बरोबर न्या. त्याचे दोन-अडीच हजार गेले तरी जाऊ द्या. आपल्या तापी-गिरणेच्या पट्ट्यात काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, आणि तिच्याबरोबर पाया हलतो. प्लास्टरवरच्या बारीक केसासारख्या रेघा सोडून द्या. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला, बोटाचं नख आत जाईल असा तडा असेल तर थांबा. तोच तडा भिंतीच्या बाहेरच्या बाजूनेही दिसतोय का ते बघा. दिसत असेल तर पाया बसलाय, आणि ते काम रंगरंगोटीच्या हिशेबात बसत नाही. मे महिन्यात हे तडे सगळ्यात रुंद दिसतात, पावसानंतर मिटल्यासारखे होतात, म्हणून श्रावणात घर बघून समाधान मानू नका. स्लॅबला खालून काठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला किंवा गंजलेली सळई उघडी पडलेली दिसली तर तो खर्च मोठा धरा. चौकटींना वाळवी, भिंतीत उगवलेला पिंपळ, भरलेली शौचटाकी, गायब झालेली बोअरची मोटार, उपटून नेलेले नळ, हे बंद घरात असतंच, त्याला घाबरायचं कारण नाही. गल्लीतल्या शेजाऱ्यांशी बसून बोला. पावसात पाणी कुठे तुंबतं, भिंत कोणाची सामाईक आहे, रात्री कोण येऊन राहून जातं, हे त्यांना माहीत असतं.

कागदांमध्ये सिटी सर्व्हेचा उतारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा आणि सूची क्रमांक २ (नोंदलेल्या खरेदीचा उतारा, इंडेक्स टू) वकिलाकडून तपासून घ्या. विक्री ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर असते. म्हणजे नकाशाबाहेर वाढवलेली खोली, थकलेली घरपट्टी, सोसायटीची बाकी, सगळं तुमच्या अंगावर येऊ शकतं. वीजबिलाचंही तसंच. नियमात तरतूद असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्य केलंय. ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या कार्यालयात आकडा आधीच काढा. शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही, म्हणून गावाबाहेरच्या प्लॉटवर बांधलेलं घर असेल तर बिनशेतीचा कागद डोळ्यांनी बघा. आणि हे उत्तर नंदुरबार, तळोदा, नवापूरकडचं कोणी वाचत असेल त्यांच्यासाठी: जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ चे निर्बंध लागतात, ते न बघता बयाणा भरू नका.

कोर्टाचं एक. कर्जदार बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊ शकतो. लिलावाची जाहीर नोटीस निघाल्यावर पैसे भरून घर सोडवून घ्यायचा त्याचा हक्क संपतो, हे सप्टेंबर २०२३ च्या निकालाने पक्कं झालं, तरी नोटीस देण्यात बँकेची चूक निघाली तर विक्री रद्द होऊ शकते. दावा चालू आहे का हे बँकेला लेखी विचारा. विक्री रद्द झाली तर किंमत परत मागता येते, पण भिंतीत घातलेला पैसा परत कोण देणार? म्हणून मी लोकांना सांगतो, ताबा मिळाल्यावर पहिले दीड-दोन महिने फक्त गळती, वायरिंग आणि पाण्याची कामं करा. फरशी, ओटा, फर्निचर नंतर. घराभोवती उताराचा कोबा मात्र पहिल्या पावसाच्या आत करून घ्या आणि गच्चीचं पाणी नळीने पायापासून लांब सोडा. काळ्या मातीत ह्या दोन कामांनी पाया वाचतो, आणि खर्चही फार नाही.

पतसंस्थेच्या किंवा सहकारी संस्थेच्या लिलावातलं घर पुढे कधी दिसलं तर नियम वेगळे आहेत. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणि नियम १०७ लागतो. जागेवर १५ टक्के, बाकी १५ दिवसांत. कर्जदाराने ३० दिवसांत पूर्ण वसुलीची रक्कम आणि खरेदीदारासाठी ५ टक्के जास्त भरले तर विक्री रद्द करून घेता येते. गावठाणातल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांवर बँका कर्ज द्यायला नाखूष असतात, तिथे रोख असेल तरच जा.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ आहे, ‘दुसऱ्याचं गेलेलं घर घ्यायला मन होत नाही, सासूबाईही नको म्हणतात’. हे मला फार जवळचं वाटलं. कापसाच्या, केळीच्या व्यवहारात खोट खाऊन घर गमावलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण बँकेची वसुली आणि खर्च भागून लिलावाचे जे पैसे उरतात ते कायद्याने त्या कर्जदारालाच परत जातात, आणि घर जितकं पडत्या भावात जाईल तितकं त्याच्या डोक्यावरचं देणं शिल्लक राहतं. योग्य भावाने घर घेऊन तुम्ही त्याचं काही हिरावत नाही. आत त्याचं सामान, देवघर, मुलांची दप्तरं सापडली तर बँकेकडून पंचनामा करून घ्या आणि निरोप देऊन सन्मानाने परत पोचवा.

लिलावाच्या नोटिशीत ताब्याचा प्रकार काय लिहिलाय, लिलावाची तारीख कोणती, आणि नकाशात किती मजले मंजूर आहेत, एवढं इथे खाली लिहा. भिंतींचे आणि स्लॅबचे फोटो असतील तर तेही टाका, म्हणजे दुरुस्तीचा अंदाज मी बाबवार लावून देतो.