घर बदलले, मतपत्रिका मात्र जुन्याच पत्त्यावर

प्रश्न : आम्ही ऑगस्टच्या अखेरीस सनीव्हेलचे भाड्याचे घर सोडून फ्रीमॉंटला स्वतःच्या घरात राहायला आलो. टपाल कार्यालयात पत्ता बदलल्याची नोंद त्याच आठवड्यात केली. तेव्हापासून बँकेची आणि विम्याची पत्रे पिवळी पट्टी चिकटवून नव्या घरी येत आहेत. ३ नोव्हेंबरच्या निवडणुकीची माझी मतपत्रिका मात्र आलेली नाही. जुन्या इमारतीतील शेजारीणबाई सांगतात, की माझ्या नावाचा लिफाफा तिथल्याच पेटीत पडला आहे. तो आणून मतदान केले तर चालेल का?
– एक वाचक, फ्रीमॉंट (कॅलिफोर्निया)

उत्तर : चालणार नाही. शेजारीणबाईंना तो लिफाफा न उघडता, ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असे वर लिहून पोस्टमनकडे परत द्यायला सांगावे. टपाल खात्यातील नोंद केवळ पत्रांपुरती असते. मतदार नोंदणी काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडे असते आणि ती आपण बदललेली दिसत नाही. बँकेचे पत्र आपल्या मागोमाग येते, पण मतपत्रिका टपाल खाते नव्या पत्त्याकडे वळवत नाही.

हा नियम जाचक वाटला, तरी त्यामागचे कारण साधे आहे. सनीव्हेलच्या मतपत्रिकेवर तिथल्या नगर परिषदेचे, शाळा मंडळाचे आणि सांता क्लारा काउंटीचे विषय असतात, तर फ्रीमॉंटच्या मतपत्रिकेवर अलामेडा काउंटीचे. ज्या गावचा कर आता आपण भरत नाही आणि ज्या शाळेत आता आपली मुले जात नाहीत, तिथल्या कारभारावर आपण मत देणे योग्य ठरत नाही. मतदानाच्या आधीच्या १४ दिवसांत घर बदलले असते, तर त्या एका निवडणुकीपुरते जुन्या ठिकाणी मत देण्याची मुभा कॅलिफोर्नियाचा कायदा देतो. आपले स्थलांतर ऑगस्टमधले असल्याने ती सवलत आपल्याला लागू होत नाही.

आता करायचे ते असे. राज्याच्या मतदार नोंदणीच्या संकेतस्थळावर नव्या पत्त्याने पुन्हा नोंदणी करावी. वाहन परवान्याचा क्रमांक, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे हाताशी असले, की हे काम चहा निवण्याआधी होते. मुदत मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत, म्हणजे यंदा १९ ऑक्टोबरपर्यंत आहे. नव्या नोंदणीनंतर अलामेडा काउंटी आपल्याला वेगळी मतपत्रिका पाठवील आणि सनीव्हेलची रद्द होईल. दोन लिफाफे फिरत राहिले तरी मत एकच मोजले जाते. मुदत उलटून गेली, तर ओकलंडमधील काउंटी निवडणूक कार्यालयात किंवा जवळच्या मतदान केंद्रावर स्वतः जाऊन त्याच वेळी नोंदणी आणि मतदान करता येते. ते मत पात्रतेची पडताळणी झाल्यावर मोजले जाते. वाहन विभागालाही पत्ता १० दिवसांत कळवायचा असतो. ते वेळेवर केले असते, आणि तिथे आपण नकार नोंदवला नसता, तर मतदार यादीतील पत्ताही त्याबरोबरच बदलला असता. पण घर हलवण्याच्या धांदलीत परवान्याची आठवण कोणाला राहते?

एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण आपल्या लोकांची मते इथे अडकतात. मतपत्रिका परतीच्या लिफाफ्यात घातल्यावर लिफाफ्यावर स्वतः सही करायची असते आणि ती सही कार्यालयात नोंदणीतील सहीशी ताडून पाहतात. आपल्यापैकी अनेकांची भारतातल्या कागदांवर देवनागरी सही असते, परवान्यावर घाईत केलेली इंग्रजी सही असते आणि रोजच्या वापरात तिसरीच, एका फराट्याची सही असते. लिफाफ्यावर शक्यतो परवान्यावरची सही करावी. सही जुळली नाही, तर कार्यालय पत्र पाठवून ती दुरुस्त करण्याची संधी देते. पण ते पत्रही नोंदवलेल्या पत्त्यावरच जाते, हे आपल्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे. परतीच्या लिफाफ्याला तिकीट लावावे लागत नाही. टपालाने पाठवायचा असेल तर निदान आठवडाभर आधी टाकावा. उशीर झाला तर मतदानाच्या दिवशी रात्री ८ वाजेपर्यंत काउंटीच्या अधिकृत मतपेटीत नेऊन टाकणे अधिक खात्रीचे.

प्रश्न : आम्ही नुकतेच भाड्याने घेतलेल्या घरी आधीच्या भाडेकरूंच्या नावाची मतपत्रिका आली आहे. मी ग्रीन कार्डधारक आहे. ती ठेवून द्यावी का?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : ठेवू नये आणि फाडूनही टाकू नये, न उघडता, वर सांगितल्याप्रमाणे लिहून परत पाठवावी. दुसऱ्याच्या मतपत्रिकेवर मत देणे किंवा सही करणे हा गुन्हा आहे. शिवाय ग्रीन कार्डधारकाने या निवडणुकीत मत दिले, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ते गंभीर अडचणीचे ठरू शकते. वाहन विभागात पत्ता बदलताना ‘आपण अमेरिकेचे नागरिक आहात का’ असा प्रश्न येईल, तिथे सवयीने ‘होय’वर खूण करू नये.